तांदळातला काळा खडा

बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान उभं असतं. त्यात बसल्यावर समोर ज्या गोल तबकड्या दिसतात, त्यांतली डावीकडची वरची तबकडी वेगाची. तिच्या कडेला रंगाचे पट्टे ओढलेले असतात. पांढरा पट्टा आहे तोवर पंखांचे फ्लॅप उघडायला हरकत नाही. हिरवा पट्टा नेहमीच्या उड्डाणाचा. पिवळ्यात काटा गेला, तर हवा शांत असेल तरच तिथे राहायचं. त्याच्याही पुढे एक तांबडी रेघ, ती कधीच ओलांडायची नाही. शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात हे पाठ होतं. पुढे कित्येक वर्षं तो या तबकडीकडे बघतो तेव्हा बहुतेक वेळा आकडा वाचतच नाही. काटा कुठल्या रंगावर आहे एवढं त्याला डोळ्याच्या एका फटक्यात कळतं, आणि नजर पुढच्या तबकडीकडे जाते.

रंगाचं कॉकपिटमधलं काम एवढंच आहे: वाचण्याचा वेळ वाचवणं. जमिनीकडे येणाऱ्या विमानात वैमानिकाला वेग, उंची, दिशा, उतरण्याचा दर आणि इंजिनाची स्थिती हे सगळं आळीपाळीने बघत राहावं लागतं. एका ठिकाणी अर्धा सेकंद वाचला, तर तो दुसऱ्या ठिकाणी वापरता येतो.

हा अर्धा सेकंद वाचतो कसा, हे समजायला आपल्या घरातलं ताट पुरेसं आहे. आई तांदूळ निवडायला बसली की काळा खडा शोधावा लागत नाही. तो आपणहून डोळ्यांत भरतो. ताटात मूठभर तांदूळ असोत की शेरभर, काळा खडा सापडायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. पांढऱ्या खड्याचं तसं नसतं. त्याच्यासाठी बोटांनी एकेक दाणा सरकवावा लागतो, आणि तांदूळ जितके जास्त तितका वेळ जास्त. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये नेमकं हेच मांडलं. एखादी वस्तू एकाच गुणात, म्हणजे नुसत्या रंगात, बाकीच्यांहून वेगळी असेल, तर डोळा सगळं दृश्य एकदम चाळतो. दोन गुण जोडून शोधायचे असतील, म्हणजे ‘लाल पण गोल’ असं काही, तर लक्ष एकेका वस्तूवर फिरवावं लागतं आणि वेळ वाढत जातो.

आता त्या ताटात तांदळाऐवजी मूग, मटकी, मसूर, हरभरा आणि चवळी एकत्र मिसळलेली आहेत अशी कल्पना करा. खडा तेवढाच काळा आहे, पण तो हरवतो. कॉकपिटमधल्या रंगांचा सगळा इतिहास मला या दोन ताटांमधला वाटतो. रंग थोडे असतील तरच त्यातला एखादा बोलतो. सगळ्यांनाच रंग दिला तर कुणीच ऐकू येत नाही. रिचर्ड क्राइस्ट यांनी १९७५ मध्ये तोवरच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला, त्यातही हीच दुहेरी बाजू दिसते. काय शोधायचं आणि त्याचा रंग कोणता हे माहीत असेल, तर रंगामुळे शोध झपाट्याने होतो. पण ज्या रंगाचा कामाशी संबंध नाही, तो दुसऱ्या खुणा ओळखण्यात अडथळा आणतो. उगाच दिलेला रंग निरुपद्रवी नसतो.

डोळ्याच्याही काही मर्यादा आहेत, आणि त्या अभियंत्याच्या आवडीनिवडी जुमानत नाहीत. उजेडात आपला डोळा हिरव्या-पिवळ्याच्या सीमेवरच्या, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी एकूण शंकुपेशींच्या दहा टक्क्यांहूनही कमी. दृष्टिपटलाच्या अगदी मधल्या बिंदूवर, जिथून आपण बारीक अक्षर वाचतो, तिथे तर त्या जवळजवळ नसतातच. म्हणून काळ्या पडद्यावर गडद निळ्या रंगात बारीक आकडा लिहिला तर तो धूसर वाटतो, नीट वाचता येत नाही. कॉकपिटमध्ये ज्याला ‘निळा’ म्हणतात तो खरं तर आकाशी असतो. निळ्यात हिरवा मिसळून त्याला उजळ केलेलं असतं. दुसरी गोष्ट, नजरेच्या कडेला रंगाची जाण झपाट्याने कमी होते. समोर बघत असताना कोपऱ्यात हिरव्याचा लाल झाला, तर तो बदल सहज निसटू शकतो. त्यामुळे तातडीच्या इशाऱ्याला नुसता रंग पुरत नाही. वैमानिकाच्या अगदी समोर, काचेखालच्या पट्टीवर एक मोठा दिवा लुकलुकतो आणि सोबत आवाज येतो. रंग त्यानंतर सांगतो की घाई किती करायची.

रात्रीचं गणित आणखी वेगळं होतं. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या दिव्याच्या एका झोताने ती कमाई क्षणात जाते. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धात कॉकपिट लाल दिव्यांनी उजळत. उपाय शास्त्रशुद्ध होता. पण लाल उजेडात पांढरा कागदही लाल दिसतो आणि त्यावरची लाल रेघही लाल दिसते, त्यामुळे नकाशावरच्या तांबड्या खुणा गायब होत. पुढे रात्री बघण्याच्या दुर्बिणी आल्या तेव्हा गाडी उलट्या दिशेला गेली. त्या दुर्बिणी लाल आणि अवरक्त प्रकाशालाच भुकेल्या असतात, त्यामुळे लष्करी कॉकपिटमधले दिवे निळसर हिरवे करावे लागले. एकाच लालने आधी डोळा वाचवला आणि नंतर दुर्बीण आंधळी केली.

पडद्यावर खुणा रंगवण्याची सोय प्रवासी विमानांत खऱ्या अर्थाने आली ती १९८०च्या दशकात. बोइंग ७५७ आणि ७६७, एअरबसचं ए३१०, आणि मग १९८८ मध्ये सेवेत आलेलं ए३२०. या विमानांत मुख्य काट्यांच्या जागी रंगीत चित्रनळ्या बसल्या. या नळीत तीन झोत असत: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक झोत एक तर चालू किंवा बंद ठेवला तर किती रंग होतात? तिन्ही बंद म्हणजे काळा. एकेकटे लाल, हिरवा, निळा. लाल आणि हिरवा मिळून पिवळा, हिरवा आणि निळा मिळून आकाशी, लाल आणि निळा मिळून मॅजेंटा, आणि तिन्ही मिळून पांढरा. काळा सोडला तर सात. त्यातला शुद्ध निळा बारीक खुणांसाठी कुचकामी. आजच्या कोणत्याही प्रवासी विमानाच्या पडद्यावर बघा, खुणांचे रंग याच कुळातले निघतील. फक्त पिवळ्याला थोडं नारिंगीकडे झुकवून इशाऱ्याचा ‘अंबर’ केला जातो, आणि कृत्रिम क्षितिजासाठी वर आकाशाची निळाई आणि खाली मातीचा तपकिरी रंग येतो. आज एलसीडी पडदे लाखो छटा दाखवू शकतात. तरीही खुणांसाठी सहा-सात रंगांपुढे सहसा कुणी जात नाही, आणि हा संयम मला फार मोलाचा वाटतो. फोनच्या पडद्यावर छटा वाढल्या की आपण कौतुक करतो. इथे न वाढवण्याचं कौतुक आहे.

या सातांतला मॅजेंटा म्हणजे आपला राणी रंग. साडीच्या दुकानात ‘राणी कलर दाखवा’ म्हटलं की जो येतो, तोच. इंद्रधनुष्यात हा रंग नाही. लाल आणि निळा एकत्र डोळ्यात शिरले, मध्ये हिरवा नसला, की मेंदू तो तयार करतो. आकाश, माती, ढग, गवत यांपैकी कशाशीही त्याची गल्लत होत नाही, आणि इशाऱ्याच्या लाल-पिवळ्याशीही नाही. म्हणूनच संगणक ‘इकडे चला’ असं सांगतो ती वाट दाखवायला तो सोयीचा ठरला. बोइंगच्या नकाशावर ठरलेला मार्ग राणी रंगाच्या रेषेने दिसतो. ही रेष इतकी सुबक आणि इतकी खात्रीची वाटते, की तिच्याबद्दलच एक काळजी जन्माला आली. अमेरिकन एअरलाइन्सचे कॅप्टन वॉरन व्हँडरबर्ग यांनी १९९७ मध्ये आपल्या वैमानिकांसमोर एक व्याख्यान दिलं. संगणकाच्या रेषेमागे मुकाट जाणाऱ्या वैमानिकांना त्यात ‘मॅजेंटाची मुलं’ म्हटलं होतं, आणि ते नाव आजही या व्यवसायात चालतं. परिस्थिती बिघडू लागली की बटणं दाबत बसू नका, यंत्रणा बंद करा आणि विमान हातात घ्या, हे त्यांचं सांगणं होतं. रंगाने काम सोपं केलं की माणूस त्याच्यावर रेलतो, हे त्यांनी वेळीच ओळखलं.

एअरबसने मात्र ठरलेला मार्ग हिरवा केला. तिथे राणी रंग येतो तो संगणकाने स्वतः काढलेल्या वेगासाठी. वैमानिकाने हाताने ठरवलेला वेग आकाशी रंगात दिसतो. मार्गात तात्पुरता बदल करून बघायचा असेल, तर एअरबसवर तो पिवळ्या तुटक रेषेत आणि बोइंगवर पांढऱ्या तुटक रेषेत उमटतो. ऑटोपायलटची एखादी पद्धत चालू झाली की दोन्हीकडे हिरवी अक्षरं, पण ती नुसती तयारीत उभी असेल तर बोइंगवर पांढरी, एअरबसवर आकाशी. एका कंपनीच्या विमानावरून दुसऱ्या कंपनीच्या विमानावर जाणारा वैमानिक महिनाभर सराव-यंत्रात घाम गाळतो, त्यात या नव्या रंगभाषेचाही वाटा असतो. माझ्या मते सगळ्या विमानांनी एकच भाषा बोलायला हवी होती. ती वेळ आता निघून गेली आहे. हजारो वैमानिकांच्या सवयी आता मोडणं हाच धोका ठरेल.

दोन रंगांबाबत मात्र सगळे एकमताने वागतात, कारण तिथे कायदा आहे. अमेरिकेच्या वाहतूक-विमानांसाठीच्या नियमावलीत २५.१३२२ हे कलम आहे. ताबडतोब कृती हवी असेल तर लाल. ताबडतोब लक्ष द्यावं पण कृती जरा मागाहून चालेल, तर अंबर किंवा पिवळा. त्याखालच्या सूचनेला कोणताही रंग चालेल, पण लाल किंवा हिरवा नको. मला या कलमातला पुढचा भाग जास्त आवडतो: लाल, अंबर आणि पिवळा हे रंग इशाऱ्याशिवाय इतर कामाला मर्यादितच वापरावेत, आणि त्या वापराने इशाऱ्याचं बळ कमी होता कामा नये. तांदूळ पांढरे ठेवण्याची जबाबदारी इथे कायद्याने घातली आहे.

एअरबसने ही काटकसर आणखी पुढे नेली. सगळं ठीक असेल तेव्हा कॉकपिटच्या छतावरच्या बटणांचे दिवे विझलेले असावेत, हा त्यांचा दंडक. दिवा पेटला म्हणजे काहीतरी बघायला हवं. उड्डाणाच्या धावेत तर इशारेही आवरून धरले जातात. ए३२० वर ८० नॉटचा वेग गाठल्यापासून १,५०० फुटांच्या उंचीपर्यंत बहुतेक किरकोळ इशारे दाबून ठेवलेले असतात, आणि पडद्यावर राणी रंगात तशी नोंद दिसते. त्या काही क्षणांत वैमानिकाला एखाद्या पंपाबद्दल सांगण्यापेक्षा गप्प राहणं सुरक्षित असतं.

पण गप्प कुठे राहायचं हे चुकलं तर? ८ जानेवारी १९८९ च्या संध्याकाळी लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७-४०० विमानाच्या डाव्या इंजिनाच्या पंख्याचं एक पातं तुटलं. विमान थरथरू लागलं, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. विमान नवं होतं. इंजिनाच्या काट्यांच्या जागी त्यात छोट्या तबकड्या आणि त्यांच्या कडेने फिरणाऱ्या दिव्यांचे इवले दर्शक आले होते. डाव्या इंजिनाच्या कंपनाचा दर्शक टोकाला जाऊन टेकला होता. पण त्याच्याकडे नजर ओढून घेईल असं तिथे काहीच नव्हतं. वैमानिकांनी गडबडीत उजवं, म्हणजे धडधाकट इंजिन बंद केलं. योगायोगाने थरथर कमी झाली आणि निर्णय बरोबर होता असं वाटलं. विमानतळाच्या तोंडाशी आल्यावर डावं इंजिनही गेलं आणि विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या कडेच्या चढावर आदळलं. १२६ जणांपैकी ४७ जण मरण पावले. चूक एकट्या तबकडीची नव्हती. जुन्या विमानांत कंपनाचा काटा बेभरवशाचा असे आणि वैमानिकांना तो दुर्लक्षित करायची सवय लागली होती, हेही त्यात आलं. पण चौकशीच्या शिफारशींत एक थेट रंगाच्या आणि उजेडाच्या कामाची होती: कंपन टोकाला गेलं की त्या दर्शकाकडे लक्ष वेधणारी सोय करा. ती सोय असती तर ते वाचले असते असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरीही वैमानिकाच्या समोरच असलेली ती तबकडी त्याला हाक मारू शकली नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

नुसत्या रंगावर विसंबू नये हे ज्या यंत्रणेत सर्वांत नीट पाळलं गेलं, ती म्हणजे आकाशात दुसरं विमान जवळ आल्याचं सांगणारी टीकॅस. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले, आणि त्यानंतर भारताने ही यंत्रणा सक्तीची केली. तिच्या खुणा बघा. दूरचं विमान म्हणजे पोकळ चौकट, तिरपी उभी केलेली, पांढरी किंवा आकाशी. जरा जवळ आलं की तीच चौकट भरीव होते. टक्कर होण्याआधी उंचीनुसार २० ते ४८ सेकंद उरले, तर ती अंबर रंगाचा भरीव गोल होते. १५ ते ३५ सेकंद उरले की लाल भरीव चौकोन. धोका वाढला की आकारही बदलतो आणि रंगही. रंग नीट न दिसणाऱ्या डोळ्याला, किंवा उन्हाने पडदा फिका पडल्यावर, आकार सांभाळून घेतो. त्याच वेळी चढउताराच्या दरमापकावर लाल आणि हिरवा पट्टा उमटतो: लालपासून काटा दूर ने, हिरव्यात आण. बारामतीच्या त्या वेगमापकाचीच ही युक्ती, फक्त इथे पट्टे प्रसंगानुसार जागा बदलतात.

आकार हा दुसरा साक्षीदार असणं किती गरजेचं आहे, हे धावपट्टीजवळच्या दिव्यांनी दाखवून दिलं. उतार बरोबर आहे की नाही हे सांगणारे चार दिवे धावपट्टीच्या बाजूला असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर वाट बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली. इथे आकार नाही, मजकूर रंगातच आहे. २६ जुलै २००२ ला फ्लोरिडातल्या टॅलाहॅसी इथे पहाटेच्या अंधारात एक मालवाहू बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडे झाडांत उतरलं. विमानातले तिघेही वाचले. विमान चालवत असलेल्या सहवैमानिकाला रंग ओळखण्यात उणीव होती, आणि अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत तपासयंत्रणेने ती नोंदवली.

रंगांची टंचाई दुसरीकडूनही भासते. हवामानाच्या रडारवर हलका पाऊस हिरवा, मध्यम पिवळा, जोरदार लाल. डोंगरांच्या इशाऱ्याच्या नकाशावर खालची जमीन हिरवी, उंचीला आलेली पिवळी, डोक्यावर असलेला कडा लाल. दोन्ही बरोबर, पण एकाच पडद्यावर एकत्र आले तर लाल डाग म्हणजे ढग की डोंगर? म्हणून एका पडद्यावर एका वेळी एकच दाखवतात, डोंगराचं चित्र ठिपक्यांनी काढतात, आणि डोंगर खरोखर जवळ आला तर रडारला बाजूला सारून तो आपोआप पुढे येतो. सात रंगांच्या घरात दोन बिऱ्हाडं राहायची तर असंच जमवून घ्यावं लागतं.

शेवटी पुन्हा कृत्रिम क्षितिजाकडे. वर निळं, खाली तपकिरी, ही कॉकपिटमधली सर्वांत सरळ खूण. तिला शिकावं लागत नाही, म्हणूनच तिच्यावर विश्वास चटकन बसतो. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे जम्बो जेट अरबी समुद्रावर आलं. समोर काळोख, खाली काळं पाणी, बाहेर क्षितिजच नव्हतं. वळण संपवून विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज विमान उजवीकडेच कललेलं दाखवत राहिलं. निळा आणि तपकिरी दोन्ही ठळक होते, रंगात काहीच दोष नव्हता. फक्त त्या रंगांमागची यंत्रणा बिघडली होती. कॅप्टनने ते दिसतं तसं धरून विमान डावीकडे कलवलं, आणखी कलवलं, आणि ते वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. सहवैमानिकासमोर एक कृत्रिम क्षितिज होतं, मध्ये राखीव असं तिसरंही होतं.

आजच्या विमानांत डावीकडचा आणि उजवीकडचा संगणक आपापली क्षितिजं सतत ताडून बघतात. दोघांत ठरावीक अंशांहून जास्त फरक पडला, की दोन्ही वैमानिकांच्या पडद्यावर त्या निळ्या-तपकिरी चित्रात अंबर अक्षरं उमटतात. एअरबसवर ती असतात ‘चेक अ‍ॅट’, म्हणजे कल तपासून पहा. यंत्राला तेव्हा कोण खरं बोलतंय ते ठाऊक नसतं. दोघांपैकी एक खोटं बोलतोय एवढंच ते सांगतं, आणि वैमानिकाची नजर मधल्या छोट्या, तिसऱ्या क्षितिजाकडे जाते.